टाकी ते पंप

तिहोमिर तांबटाला गावात कुणी ‘नाही’ म्हणत नसे, आणि त्याच्या हातून जे काही वाईट झालं ते त्यातूनच झालं. सर्बियातल्या मोराव्हेच्या खोऱ्यात आलुबुखाराची दारू, राकिया, गाळणारं एकही घर असं नव्हतं, जिथं त्याच्या हातचा हंडा नाही. चाळीस वर्षं त्यानं तांबं तापवलं, ठोकलं, वाकवलं. नळी वळवावी तर त्यानंच. आत बारीक वाळू भरायची, दोन्ही टोकांना लाकडाची गुडदी ठोकायची, आणि गुडघ्यावर घेऊन अशी वळवायची की बोट फिरवलं तरी कुठं सुरकुती लागू नये. लोक कौतुक करत आणि त्याला ते ऐकायची सवय लागली होती. एकाहत्तराव्या वर्षीही ती सुटली नव्हती, फक्त कौतुक ऐकताना आता तो मान खाली घालत असे. लोकांना वाटे, म्हातारा नम्र झाला.

गुरुवारी सकाळी मिलेनिया त्याच्या दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. हातात कागदात गुंडाळलेली गरम पोगाचा होती. पाव घेऊन बाई दारात आली की काम मोठं आहे हे त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

“कूम, आहात का जिवंत?”

“अर्धा आहे. ये, बस. कॉफी टाकतो.”

मिलेनिया म्हणजे रादोशची मुलगी. रादोशच्या लग्नात साक्षीला उभा राहिला तो तिहोमिर, आणि पुढं रादोशला मुलगी झाली तेव्हा चर्चमध्ये तिला हातांवर धरून तिचं नाव ठेवलं तेही तिहोमिरनंच. म्हणजे तो त्या घराचा कूम, आणि हाक दोन्हीकडून तीच. त्या मुलखात हे नातं रक्ताच्याही वरचं. भावाशी भांडता येतं, कोर्टात जाता येतं, कूमशी नाही. कूमनं दिलेलं परत करायचं नसतं आणि कूमनं केलेल्या कामावर दुसऱ्यांदा पाना लावायचा नसतो.

“फिचा गाडी उभी राहिली,” मिलेनिया म्हणाली. “पत्रा झाला, रंग झाला, इंजिनही बसवून घेतलं. रविवारी क्रुशिकच्या चढणीवर जुन्या गाड्या निघणार आहेत. बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. मी ती वरपर्यंत नेणार.”

तिहोमिरच्या हातातल्या लांब दांड्याच्या झेझ्व्यातून थोडी कॉफी शेगडीवर सांडली. त्यानं फडक्यानं पुसली, गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली.

“पेट्रोलची नळी तेवढी राहिलीय. ती तुम्ही घालायची. तांब्याची, पहिल्यासारखी. बाबा म्हणायचे, असलं काम उभ्या सर्बियात कुणी करणार नाही. आणि रविवारी माझ्या शेजारच्या सीटवर तुम्ही बसायचं. मी कुणालाच विचारलं नाहीये अजून.”

“माझे डोळे गेलेत, पोरी.”

“मग हातानं घाला. तुम्ही नाहीतरी हातानंच बघता.”

“एखाद्या चांगल्या गॅरेजवाल्याला...”

“कूम!” ती हसली. “तुम्हाला कुणी नाही म्हणत नाही आणि तुम्ही मला म्हणणार? मी उद्या दुपारी कामावरून लवकर निघते. शेड उघडी ठेवते.”

ती गेली. पोगाचा गार होत पडली. तिहोमिर स्टुलावर बसून राहिला आणि अकरा वर्षांत हजार वेळा आठवलं होतं ते पुन्हा एकदा आठवत राहिला.

रादोश मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं होता. निवृत्तीआधीच त्यानं एक फिचा घेतली. ही गाडी म्हणजे पुढं पेट्रोलची टाकी, मागं इंजिन आणि मधल्या जागेत चार माणसं, गुडघे हनुवटीला लावून. रादोशनं तिच्यात युगो गाडीचं अकराशे सीसीचं इंजिन बसवायचं घेतलं, मूळ इंजिनाच्या जवळजवळ दीडपट. आठ हिवाळे तो त्या शेडमध्ये कापत, जोडत, वेल्डिंग करत बसला. बायको असतानाही आणि ती गेल्यावरही. पुढं मिलेनिया त्याच्या बरोबरीनं काम करू लागली. चोवीस वर्षांची होती, यंत्रशाळेतून पहिली आली होती, कारखान्यात लेथवर तिला जागा मिळाली होती, आणि नखांतल्या ग्रीसची तिला कधी लाज वाटली नाही.

शेवटी पेट्रोलची नळी उरली. पुढच्या टाकीतून निघून, सीटांच्या मधल्या बोगद्यातून, मागं इंजिनावरच्या पंपापर्यंत. मे महिन्यातल्या एका दुपारी तिहोमिर खांद्यावर तांब्याची गुंडाळी टाकून, न बोलावता, शेडमध्ये शिरला.

“कूम, ही माझ्याकडून. तुझ्या गाडीला माझ्या हातचं काहीतरी हवंच.”

रादोशनं गुंडाळी बोटानं दाबून बघितली. “तांबं?”

“मग काय, पत्रावळ आणू?”

“चांगलंय. पण इंजिन हलतं, कूम. गाडीचा सांगाडा एका जागी, इंजिन दुसरीकडे थरथरतंय. मधे तांबं दिलं तर ते दमतं. शेवटचा वीतभर तुकडा तरी रबराचा ठेवू या.”

“तांबं दमतं? माझ्या आज्यानं केलेल्या हंड्याची नळी अजून चालू आहे. दमला असशील तर तू.”

“हंडा जागचा हलत नाही ना.”

“तू मला तांबं शिकवणार?”

हे तो जरा मोठ्यानं बोलला. दारात व्हुकोमान खाटीक उभा होता, गावातलं वर्तमानपत्र तोच. व्हुकोमानच्या देखत आपल्या कामावर कुणी बोट ठेवलं हे तिहोमिरला सोसेना. आणि रादोशनं, ज्याला कारखान्यातले इंजिनियर वचकून असत, त्यानं फक्त डोक्यावरची टोपी मागं सरकवली.

“बरं,” तो म्हणाला. “कूमला नाही म्हणत नाहीत.”

दोन दिवस तिहोमिरनं काम केलं. काम कसलं, दागिना केला. टाकीखालून एक अलगद वळण, बोगद्यातून सरळ रेघ, मागं पुन्हा दोन वळणं आणि थेट पंपाच्या नटापर्यंत, एकसंध. रबराचा तुकडा फक्त पंपाच्या पुढं, पंप ते कार्बोरेटर. तेवढा मिलेनियानं बसवला आणि क्लिप तिनं आवळली. तिहोमिरनं नळीत फुंकर घातली, पाण्यात बुडवून बघितली, एक बुडबुडा आला नाही. गाव बघून गेलं.

जूनमध्ये क्रुशिकच्या चढणीच्या शर्यतीत दुसऱ्या वळणावर गाडीनं पेट घेतला.

रादोश बाहेर पडला. भुवया गेल्या, डावा तळहात भाजला, बाकी धडधाकट होता. पण आठ हिवाळे पाच मिनिटांत जळाले. माती टाकून आग विझली तेव्हा तिहोमिर सगळ्यांत आधी मागं पोचला. पंपाच्या नटापाशी तांब्याची नळी तुटली होती. गोल, स्वच्छ, सुरीनं कापावी तशी. त्यातूनच पेट्रोल तापलेल्या धुराच्या पाइपावर पडलं होतं. त्यानं वर बघितलं तर रादोश शेजारी उभा होता आणि तोही तेच बघत होता.

मागून व्हुकोमान धापा टाकत आला. “कशानं पेटली रे? कशानं?”

रादोशनं जळक्या हातानं इंजिनाचं झाकण खाली केलं.

“पंपापुढचं रबर सुटलं,” तो म्हणाला. “क्लिप नीट बसली नसणार. होतं असं.”

रबर जळून राख झालं होतं, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. तिहोमिरनं तोंड उघडलं होतं. बोलायला म्हणूनच उघडलं होतं, हे तो देवासमोर सांगू शकला असता. पण आजूबाजूला चाळीस माणसं होती, त्यातल्या निम्म्यांच्या घरी त्याचे हंडे होते, आणि रादोशनं त्याच्याकडे बघून मान किंचित हलवली. तिहोमिरनं तोंड मिटलं. नंतर सांगू, एकट्यात सांगू, असं म्हणत मिटलं.

ते ‘नंतर’ आलंच नाही. दरवर्षी रादोशच्या घरी स्लावा व्हायची, घराच्या संताचा दिवस, मेणबत्ती लावायची, पाव मोडायचा. दरवर्षी तिहोमिर मनात वाक्य जुळवून जायचा, आणि दरवर्षी रादोश त्याचा ग्लास भरून आलुबुखाराला यंदा मोहोर कसा आलाय ते विचारायचा. नऊ स्लावा अशा गेल्या. दहाव्या स्लावाच्या आधी रादोश भाजीच्या वाफ्यात खाली बसला तो उठला नाही.

शुक्रवारी दुपारी तिहोमिर शेडमध्ये गेला. त्यानं बरोबर तांबं नेलं नव्हतं. पोलादी पाइप, रबर, क्लिपा, पत्र्याच्या भोकांत बसवायच्या रबरी कड्या, सगळं बाजारातून आणलं होतं. मनाशी त्यानं सरळ हिशेब केला होता: पोलाद घालायचं, शेवटी हातभर रबर ठेवायचं, आणि हल्ली असंच करतात म्हणून सांगायचं. पोरीचा जीव सुरक्षित. मेलेल्या माणसानं झाकलेलं झाकलेलंच बरं. लबाडी होती, पण निरुपद्रवी होती, असं त्याला वाटत होतं.

फिचा निळ्या रंगात चमकत होती. मिलेनिया तिच्या बाजूला हात मागं बांधून उभी होती.

“हे काय आणलंत?” तिनं पिशवीत डोकावून विचारलं. “तांबं कुठंय?”

“हल्ली असंच करतात.”

“अहो, मग आणायचं कशाला? असलं तर आमच्याकडेच पडलंय.”

ती दारामागं गेली आणि खिळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक काढून आणलं. आत पोलादाची नळी होती, तेल लावलेली, गंजाचा ठिपका नाही. वळणं दिलेली, टोकं फुलवलेली, नट चढवलेले. शेवटाला वीतभर रबराचा तुकडा, आता कडक झालेला. तारेनं एक पुठ्ठा बांधला होता आणि त्यावर रादोशच्या त्या ठसठशीत कारखानी अक्षरात लिहिलं होतं: ‘फिचा. टाकी ते पंप. एप्रिल.’ खाली अकरा वर्षांपूर्वीचं साल.

“बाबांनी हे केलं आणि लावलं का नाही, काही कळत नाही,” मिलेनिया म्हणाली.

तिहोमिरला कळत होतं. एप्रिल. तो तांबं खांद्यावर टाकून आला तो मे महिन्यात. म्हणजे त्या दुपारी नळी तयार होती. या दारामागं, याच खिळ्यावर, तो उभा होता तिथून दोन पावलांवर. रादोशला नुसतं दार लोटून दाखवायचं होतं. त्याऐवजी त्यानं टोपी मागं सरकवली. तिहोमिर टायरच्या थप्पीवर बसला.

“पाणी देऊ?”

“नको. हीच घालू. तुझ्या बापाची.”

नळी जागेवर अशी गेली की जणू काल केली होती. टाकीखालून बोगद्यात, हँडब्रेकच्या तारेपासून चार बोटं लांब, पत्र्यातून जाते तिथं रबरी कडी, वीतवीतभर अंतरावर चाप, धुराच्या पाइपापासून शक्य तेवढी दूर. एकही वळण तिहोमिरला बदलावं लागलं नाही. आपल्या तांब्यापेक्षा हे काम दिसायला ओबडधोबड आहे आणि प्रत्येक जागी शहाणं आहे, हे तो बोटांनी वाचत गेला आणि त्याची त्याला लाज वाटत गेली. मिलेनिया हत्यारं पुढं करत होती. मागितलं ते देत होती, पण स्वतः कशाला हात लावत नव्हती. चापाचा साधा स्क्रू पिळायलाही तिनं त्याला गाडीखालून दोनदा बाहेर यायला लावलं.

सांगाडा आणि पंप यांच्यामध्ये नवं रबर चढवून त्यानं आवळलं. पंप ते कार्बोरेटर हा शेवटचा तुकडा राहिला. रबर बसवून, क्लिप सरकवून, त्यानं पाठ सरळ केली.

“घे, तूच आवळ. गाडी तुझी आहे.”

तिनं पेचकस घेतला नाही.

“नको. ही तर मुळीच नको. माझ्या हाताला यश नाही.”

“काय बोलतेस? यंत्रशाळेत पहिली आलेली पोर तू.”

“कूम, उगाच चांगुलपणा करू नका. तुम्हालाही माहितीय.” ती इंजिनाकडे बघत बोलत होती. “मागच्या वेळी ही क्लिप मी आवळली होती. दोनदा आवळली, तिसऱ्यांदा बघितली असं मला अजून आठवतं, पण बघितली नसणार. आठ हिवाळे घालवले माझ्या बाबांनी आणि मी एक क्लिप नीट लावली नाही. ते बिचारे एका शब्दानं बोलले नाहीत. ‘होतं असं’ म्हणाले. मला वाटतं ओरडले असते तर बरं झालं असतं.”

तिहोमिरनं पुढं केलेला पेचकस मागं घेतला. “म्हणून तू कारखाना सोडलास?”

“मग? लेथवर दर तासाला वाटायचं, आता काहीतरी सुटणार आणि कुणाचा तरी हात जाणार. सहा महिने काढले कसेबसे. औषधाच्या दुकानात बरं आहे. गोळ्यांची पाकिटं सुटून कुणाला लागत नाहीत.” ती जरा हसली. “घरात नळ गळला तर शेजाऱ्याला बोलावते. अकरा वर्षं पान्याला हात लावलेला नाही. हे सगळं माणसं लावून करून घेतलंय, कळलं नाही का तुम्हाला?”

कळलं नव्हतं. या पोरीला त्यानं हातांवर धरून नाव दिलं होतं, आणि तिनं लेथ सोडला तेव्हा ‘बायकांना नाही झेपत शेवटी’ असं व्हुकोमान म्हणाला होता आणि तिहोमिरनं मान डोलावली होती. ते आता आठवलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

“ती क्लिप सुटली नव्हती, मिलेनिया.”

“कूम, राहू द्या.”

“ऐक. तुटली ती माझी तांब्याची नळी. पंपाच्या नटापाशी. मी माझ्या डोळ्यांनी बघितली, तुझ्या बापानंही बघितली. मला त्यानं आधी सांगितलं होतं, शेवटी रबर ठेव म्हणून. मी ऐकलं नाही. त्यानं ही पोलादाची बाजूला ठेवली, कारण मी कूम. आणि आग लागल्यावर माझं नाव वाचवायला खोटं बोलला. माझ्यासाठी.”

मिलेनियानं पुठ्ठा उचलला, वाचला, पुन्हा वाचला.

“तुम्हाला त्याच दिवशी कळलं?”

“त्याच क्षणी.”

“आणि बाबांना माहीत होतं, मी स्वतःवर घेतलंय ते?”

“नसणार. असतं तर त्यानं हे कूमपण चुलीत घातलं असतं. त्याला वाटलं, क्लिपवर ढकललं की कुणावरच येत नाही. मलाही तसंच वाटलं. देवाशपथ मला ठाऊक नव्हतं, पोरी.”

“विचारलंत कधी?”

“नाही.”

“दर स्लावाला तुम्ही आमच्या टेबलाशी पहिल्या खुर्चीवर बसायचात,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं वाटलं असतं. “मी तुम्हाला वाढायचे. तुमचा हात घेऊन ओठांना लावायचे.”

माफ कर म्हणावं हे तिहोमिरला सुचलं, पण तो शब्द इतका उशिरा आला होता की तोंडातून काढायची त्याला हिंमत झाली नाही.

तिनं त्याच्या हातातून पेचकस घेतला. इंजिनावर वाकली. क्लिप आवळली, थांबली, पुन्हा पाव फेरा दिला. रबर ओढून बघितलं. पेचकस खाचेतून सुटला नाही.

“रविवारी शेजारी नका बसू,” ती न वळता म्हणाली. “मला जमणार नाही.”

“बरं.”

रविवारी तिहोमिर क्रुशिकच्या दुसऱ्या वळणावर जाऊन उभा राहिला. यायचं की नाही यावर त्यानं सकाळभर घोळ घातला होता. गाव लोटलं होतं. कोळशावर मांस भाजलं जात होतं आणि व्हुकोमान, आता ऐंशीला टेकलेला पण जीभ पंचविशीची, त्याच्या शेजारी येऊन काठीवर रेलला.

खालून फिचाचा आवाज आला. निळी गाडी वळणावर आली, इंजिन एका सुरात होतं, आणि आत मिलेनिया एकटी होती. शेजारची सीट रिकामी. तिनं त्याच्याकडे बघितलं की नाही हे त्याला कळलं नाही. गाडी वळली आणि वर गेली. बराच वेळ आवाज येत राहिला आणि मग माथ्यावरून हॉर्न ऐकू आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“वा, तांबट!” व्हुकोमाननं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. “नळी तुमचीच ना? मागच्या वेळी पोरीनं क्लिप सैल सोडली, नाहीतर तुमचं काम कधी दगा देतं होय!”

तिहोमिरनं टोपी काढली.

“ही नळी रादोशनं केलेली आहे,” तो म्हणाला. आवाज पोचला नाही म्हणून त्यानं पुढचं मोठ्यानं सांगितलं. “माझी मागची होती. तुटली ती माझी नळी. पोरीची क्लिप जागच्या जागी होती. रादोश खोटं बोलला, माझी अब्रू राखायला. आणि मी बोलू दिलं.”

भाजणाऱ्यानं चिमटा खाली ठेवला. व्हुकोमाननं त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला. कुणीतरी जमिनीकडे बघू लागलं. तिहोमिरला वाटलं होतं, निदान छाती हलकी होईल. झाली नाही. वाक्य तर किती सोपं होतं. अकरा वर्षांपूर्वी याच वळणावर एवढंच म्हणायचं होतं, आणि तेव्हा रादोश त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.